मुंबईचे न्यायालय बंद पडले तेव्हा

१ एप्रिल १८२९ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे कामकाज थांबले. न्यायासनावर त्या वेळी एकच न्यायाधीश उरले होते, सर जॉन पीटर ग्रँट. न्यायालयाने काढलेल्या आदेशांची अंमलबजावणी होणारच नसेल, तर न्यायालय भरविण्यात अर्थ नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी सर्व शाखांचे काम बंद केले. आदेश मोडणारा कोणी दरोडेखोर नव्हता, की बंडखोर संस्थानिक नव्हता. आदेश पाळला जाऊ नये असे ठरविले होते ते खुद्द मुंबईच्या गव्हर्नरने.

हा प्रसंग दोन हट्टी इंग्रजांचे भांडण म्हणूनही सांगता येईल. त्यात तथ्य नाही असे नव्हे. तथापि त्या भांडणाच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो इंग्रज गेले तरी संपलेला नाही. न्यायालयाचा आदेश सत्ताधाऱ्याला चुकीचा वाटला, तर त्याने काय करावे? या प्रश्नासाठी आम्ही पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या काळी मुंबई इलाख्यात दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाच्या सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट होते. त्याची सनद १८२३ सालची. १८२४ साली ते आधीच्या रेकॉर्डर्स कोर्टाच्या जागी सुरू झाले. त्याचे न्यायाधीश राजा नेमीत असे. ते ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर नव्हते. बेटाबाहेर मात्र कंपनीच्या स्वतःच्या अदालती होत्या आणि तेथील न्यायाधीश कंपनीचेच चाकर असत. माहीमची खाडी ओलांडली की राजाचे न्यायालय मागे पडे व कंपनीची अदालत सुरू होई. माझगावचा ख्रिस्ती कारकून आणि वांद्रे किंवा वसईचा ख्रिस्ती शेतकरी एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली राहत. पण साधारणतः त्यांना न्याय मागावा लागे तो निरनिराळ्या दारांशी.

सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट हे विद्वान गृहस्थ होते. शेतजमिनीच्या खंडाविषयी त्यांनी १८१५ साली लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या इतिहासात आजही उल्लेखिला जातो. मुंबईत त्यांनी सरकारची मर्जी सांभाळली नाही. कलकत्त्यात १८२३ साली लागू झालेले वृत्तपत्र परवान्याचे नियम मुंबईतही आणावेत असे सरकारला वाटत होते. परंतु असे नियम अमलात येण्यास सुप्रीम कोर्टाची नोंदणी लागे, आणि १८२६ साली न्यायालयाने ती नाकारली. त्या वेळचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. त्यांचे व वेस्ट यांचे संबंध मुळीच गोडीचे नव्हते. तरीही न्यायालयाच्या नकारानंतर ते नियम मुंबई शहरावर लादले गेले नाहीत. पुढे जे घडले त्याच्याशी ताडून पाहण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नोव्हेंबर १८२७ मध्ये सर जॉन माल्कम गव्हर्नर झाले. महाबळेश्वरची माल्कमपेठ ज्यांच्या नावाची, ते हेच. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टापुढे दोन अर्ज आले.

पहिला अर्ज मोरो रघुनाथ नावाच्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलासंबंधी होता. हा मुलगा पुण्यात आपले नातलग पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता. पांडुरंग रामचंद्र हे दख्खनच्या सरदारवर्गातील प्रतिष्ठित गृहस्थ. मुलाला अन्यायाने अटकावून ठेवले आहे व त्यामुळे त्याच्या प्रकृतीस धोका आहे, अशी तक्रार होती. दुसरा अर्ज बापू गणेश या कैद्याचा. तो कंपनीच्या अमलाखालील ठाण्याच्या तुरुंगात होता. दोन्ही प्रकरणी सुप्रीम कोर्टाने हेबिअस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीचा आदेश काढला.

या आदेशाचा अर्थ सोपा आहे. ज्याने एखाद्या माणसाला अडकवून ठेवले आहे, त्याला न्यायालय सांगते की त्या माणसाला आमच्यासमोर आण आणि कोणत्या अधिकाराने त्याला ठेवले आहेस ते सांग. आदेश मिळाला म्हणजे कैदी सुटला, असे नाही. कैद कायदेशीर ठरली तर तो आल्या पावली परत जातो. आदेश मागतो ते फक्त उत्तर. पण ते उत्तर उघड्या न्यायालयात, कैद्याच्या देखत द्यावे लागते, आणि म्हणूनच ज्याच्यापाशी उत्तर नसते त्याला या कागदाचे भय वाटते.

माल्कम यांची बाजू येथे नीट मांडली पाहिजे. पेशवाई बुडून अवघी दहा वर्षे झाली होती. दख्खनच्या सरदारांचा मानमरातब राखू, त्यांना सामान्य अदालतींच्या फेऱ्यांत ओढणार नाही, असे कंपनी सरकारचे धोरण होते आणि त्यासाठी पुण्यात वेगळी व्यवस्थाही केलेली होती. अशा घरातील कर्त्या पुरुषाला मुंबईच्या परक्या न्यायालयाने, परक्या भाषेतला कागद पाठवून घाट उतरून यायला लावावे, यात माल्कम यांना राज्याच्या स्थैर्याला धोका दिसला. शिवाय पुणे आणि ठाणे ही ठिकाणे सुप्रीम कोर्टाच्या हद्दीत येतच नाहीत, असा त्यांचा कायदेशीर मुद्दा होता. हा मुद्दा पोकळ नव्हता.

मुद्दा योग्य असला, तरी तो मांडण्याची जागा कोणती? पांडुरंग रामचंद्रांच्या वतीने वकील उभा करून ‘आम्ही आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरचे आहोत’ असे न्यायालयाला सांगता आले असते. ते मान्य झाले नसते, तर वर इंग्लंडात प्रिव्ही कौन्सिल होते. शिडाच्या जहाजाने कागद जाऊन उत्तर येण्यास कित्येक महिने लागत, हे खरे. पण मार्ग खुला होता. माल्कम यांनी तो धरला नाही. ३ ऑक्टोबर १८२८ रोजी गव्हर्नर व त्यांच्या कौन्सिलाने न्यायाधीशांना पत्र धाडले. त्यातील आशय असा होता : मोरो रघुनाथच्या प्रकरणी यापुढे कोणतीही कारवाई होऊ द्यायची नाही, आणि बेटाबाहेर राहणाऱ्या एतद्देशीयांवर किंवा प्रांतिक अदालतींच्या अधिकाऱ्यांवर निघणाऱ्या अशा आदेशांना उत्तर द्यायचे नाही, असे सरकारने ठरविले आहे.

हे अपील नव्हते, विनंतीही नव्हती. दाव्यातील एका पक्षाने न्यायाधीशाला निकाल कळविला होता.

तोपर्यंत मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्येच निवर्तले होते. उरले होते सर चार्ल्स चेंबर्स आणि त्याच वर्षी आलेले ग्रँट. दोघांनी उघड्या न्यायालयात पत्राचा समाचार घेतला. चेंबर्स यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की या चार भिंतींच्या आत देव आणि राजा यांच्याखेरीज न्यायालय कोणाला वरिष्ठ मानीत नाही. कंपनी आपल्या मुलखात कितीही सर्वसत्ताधीश असो, येथे तिला अगदी लहानातल्या लहान पक्षकाराहून अधिक मान मिळणार नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १३ ऑक्टोबर रोजी, चेंबर्सही वारले. दोन महिन्यांच्या आत मुंबईच्या न्यायासनावरचे दोन न्यायाधीश काळाने नेले.

ग्रँट एकटे राहिले. त्यांनी राजाकडे अर्ज पाठविला आणि इकडे मोरो रघुनाथचे प्रकरणही सोडले नाही. आदेश पुन्हा निघाला. तोही पाळला गेला नाही. अखेर पांडुरंग रामचंद्रांविरुद्ध पकडहुकूम काढावा लागला आणि तो बजावण्यासाठी ग्रँट यांनी गव्हर्नरकडे साहाय्य मागितले. न्यायालयापाशी स्वतःची फौज नव्हती. पुण्यापर्यंत हात पोहोचायचा तर तो सरकारचाच हवा होता. माल्कम यांनी नकार दिला. त्यानंतर १ एप्रिलची ती घोषणा झाली.

ग्रँट यांचेही सारेच योग्य होते असे आम्ही म्हणणार नाही. न्यायालय बंद करून त्यांनी गव्हर्नरला शिक्षा केली नाही. शिक्षा झाली ती मुंबई शहरातील पक्षकारांना. ज्यांचे येणे अडकले होते, ज्यांच्या मृत्युपत्रांचा वाद चालू होता, जे कच्च्या कैदेत सुनावणीची वाट पाहत होते, त्यांचा या भांडणाशी काय संबंध? परंतु त्या अविचारी वाटणाऱ्या कृतीने एक गोष्ट उघड झाली. एका आदेशाचे उल्लंघन हे एका प्रकरणापुरते राहत नाही. जो आदेश गव्हर्नरने पाळायचा नाही, तो सावकाराने का पाळावा? जमीनदाराने का पाळावा? एक वीट काढली की भिंत त्या विटेपुरतीच रिकामी होत नाही.

विलायतेत या वादाचे पडसाद उमटले. हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कम यांना खाजगी पत्र लिहून धीर दिला. नवे मुख्य न्यायाधीश आणि आणखी एक न्यायाधीश येत आहेत. त्या दोघांच्या मध्ये ग्रँट यांची अवस्था दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधोमध चालविलेल्या रानटी हत्तीसारखी होईल, असे त्यात म्हटले होते. हे पत्र पुढे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले आणि मोठा गहजब झाला. गहजब होण्यासारखेच ते होते. न्यायाधीश माणसाळवायचे असतात, ही कल्पना राज्यकर्त्यांच्या मनात किती सहज वावरते, हे त्या एका उपमेने जगाला दाखविले.

१८२९ सालीच प्रिव्ही कौन्सिलने आपला अभिप्राय दिला. तो सरकारच्या बाजूने होता. सुप्रीम कोर्टाला असा आदेश केवळ आपल्या स्थानिक हद्दीतील व्यक्तींवर, किंवा हद्दीबाहेरच्या पण त्या न्यायालयाच्या अधिकाराखाली येणाऱ्या व्यक्तींवरच काढता येईल. कंपनीच्या अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्यावर त्या नात्याने काढता येणार नाही, असे ठरले. मोरो रघुनाथ व बापू गणेश या दोन्ही प्रकरणी आदेश अयोग्य रीतीने निघाले होते. ग्रँट हरले. ते मुंबईतून गेले व पुढे कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

मग माल्कम यांचेच बरोबर होते, असे कोणी म्हणेल. कायद्याच्या मुद्द्यावर ते बरोबर ठरले, यात शंका नाही. पण नीट विचार केला तर याच निकालाने त्यांच्या कृतीचे समर्थन नाहीसे होते. जो प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे युक्तिवादाने जिंकता आला, तो जिंकण्यासाठी आदेश धुडकावण्याची गरज नव्हती. ऑक्टोबर १८२८ मध्ये आपण बरोबर आहोत अशी माल्कम यांची खात्री होती. तशी खात्री ग्रँट यांचीही होती. दोघांच्या खात्रीत निवाडा करणारा तिसरा कोणी असावा लागतो, आणि तो तिसरा बोलेपर्यंत ज्याच्या हाती फौज आहे त्याने थांबावे लागते. शेवटी बरोबर ठरणे ही नंतरची गोष्ट आहे. त्या आधी थांबणे, यालाच कायद्याचे राज्य म्हणतात.

आणि तो मुलगा? गव्हर्नर, न्यायाधीश, विलायतेतील मंत्री, प्रिव्ही कौन्सिल यांच्या कागदपत्रांत मोरो रघुनाथचे नाव वारंवार येते. परंतु त्याला खरोखरच अन्यायाने अटकावून ठेवले होते काय, हा मूळ प्रश्न कोणी ऐकलाच नाही. अधिकार कोणाचा, याचा निकाल लागला. मुलाच्या तक्रारीचा लागला नाही. न्यायालयाचा आदेश अडतो तेव्हा मोठ्यांची प्रतिष्ठा डावावर लागलेली दिसते; प्रत्यक्षात हरतो तो ज्याच्यासाठी आदेश काढलेला असतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. न्यायालये चुकत नाहीत काय? अन्यायाचा आदेशही पाळावा काय? महात्मा गांधींनी आदेश मोडला नव्हता काय? मोडला होता. एप्रिल १९१७ मध्ये चंपारण सोडून जाण्याचा मॅजिस्ट्रेटचा हुकूम त्यांनी मानला नाही. पण १८ एप्रिल रोजी ते स्वतः मोतीहारीच्या न्यायालयात उभे राहिले, हुकूम मोडल्याचे कबूल केले आणि होईल ती शिक्षा भोगण्याची तयारी दर्शविली. पुढे सरकारनेच तो खटला काढून घेतला. सत्याग्रही आदेश मोडतो तेव्हा त्याची किंमत स्वतःच्या देहाने चुकविण्यास पुढे येतो, आणि त्यामुळे न्यायालयाचे न्यायालयपण कायम राहते. सत्ताधारी आदेश मोडतो तेव्हा किंमत दुसऱ्याकडून वसूल होते. या दोहोंना एकाच तराजूत घालता येणार नाही.

न्यायालये चुकतात हेही खरे, आणि हेबिअस कॉर्पसच्या बाबतीतच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र भारतातील आपली सर्वांत मोठी चूक केली. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरविले. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना पुढे सरन्यायाधीशपद नाकारण्यात आले व त्यांनी राजीनामा दिला. ही चूक सुधारली कशी? १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरविले; आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच तो निकाल रद्दबातल ठरविला. एकेचाळीस वर्षे लागली. हा विलंब लहान नाही, आणि तो ज्यांनी तुरुंगात भोगला त्यांना त्याचे समाधान सांगता येणार नाही. परंतु वाट होती ती कायद्याचीच.

१८२९ मध्ये बंद झालेले दारही असेच हळूहळू उघडले. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले आणि राजाचे न्यायालय व कंपनीची सदर अदालत एक झाली. १९२३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन देहोपस्थितीचा उपाय मुंबई शहराबाहेरच्या मुलखालाही मिळाला. २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाने तो अनुच्छेद ३२ व २२६ मध्ये नागरिकाचा हक्क म्हणून लिहून ठेवला. ज्या ठाण्याच्या तुरुंगातून बापू गणेशचा अर्ज अखेर निष्फळ ठरला, तेथील कैदी आज उच्च न्यायालयात जाऊ शकतो. इतकेच नव्हे, तर अनुच्छेद १४४ अन्वये देशातील सर्व मुलकी व न्यायिक प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्यभूत होईल असेच वागावयाचे आहे. माल्कम यांनी ग्रँट यांना जे साहाय्य नाकारले, ते देणे आता घटनात्मक कर्तव्य आहे.

तथापि कर्तव्य कागदावर लिहिल्याने पाळले जातेच असे नाही. १९९२ साली अयोध्येच्या वादग्रस्त जागेवर बांधकाम होऊ देणार नाही, असे उत्तर प्रदेश सरकारने वचन दिले होते आणि न्यायालयांचे मनाईचे आदेशही होते. जुलैमध्ये तेथे चबुतरा उभा राहिला. नोव्हेंबरअखेर सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा हमी देण्यात आली. ६ डिसेंबरला मशीद पाडली गेली. जुलैच्या उल्लंघनाबद्दल तत्कालीन मुख्यमंत्री कल्याण सिंह यांना २४ ऑक्टोबर १९९४ रोजी अवमानाची शिक्षा झाली : एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड. दरम्यान डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली होती, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले आहे. त्या रक्तपाताची कारणे अनेक आहेत आणि सारा भार एकाच गोष्टीवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. पण न्यायालयाला दिलेला शब्द पाळला गेला असता, तर ती ठिणगी पडली नसती, एवढे निश्चित म्हणता येते. अवमानाची शिक्षा आदेशाची जागा घेऊ शकत नाही. आदेश वेळेवर पाळला गेला तरच त्याचा उपयोग.

आपल्यापैकी फार थोड्यांचा गव्हर्नर किंवा मुख्यमंत्र्यांशी संबंध येतो. परंतु कुळवहिवाटीचा दावा, सामाईक विहिरीचे पाणी, भावाभावांतील वाटणी, शेतात अचानक पडलेले मातीचे ढीग, यांपैकी काही ना काही आपल्या गावात प्रत्येकाने पाहिले आहे. अशा वेळी गरिबाच्या हाती पैसा नसतो, ओळख नसते, माणसेही नसतात. असतो तो मनाई हुकुमाचा एक कागद. तो कागद घेऊन तो बांधावर उभा राहतो आणि समोरचा थांबतो. का थांबतो? कागदात बळ नसते. बळ असते ते, आपल्यापेक्षा मोठेही या कागदापुढे थांबतात, या सर्वांच्या समजुतीत. ती समजूत मोठ्यांनी मोडली, की बांधावरच्या माणसाच्या हातात खरोखरच नुसता कागद उरतो.

म्हणून आपल्या आवडीच्या पुढाऱ्याने, आपल्या बाजूच्या सरकारने, क्वचित आपल्याच समाजाच्या संस्थेने न्यायालयाचा आदेश बाजूला सारला आणि आपल्याला त्यात विजय वाटू लागला, तर आपण थोडे थांबून पाहावे. निकालावर टीका करण्यास, त्याविरुद्ध वर जाण्यास, कायदा बदलून घेण्यास कोणाचीच मनाई नाही. ते आपले हक्क आहेत. पण आज ज्या आदेशाला आपल्या माणसाने जुमानले नाही, तसाच आदेश उद्या आपल्याला मागावा लागेल. मोरो रघुनाथच्या वतीने कोणीतरी घाट उतरून मुंबईला आले होते, ते तेथे सांगितलेले पुण्यात पाळले जाईल या विश्वासानेच.